चाकामागचा बाभळीचा ठोकळा

सोमवारी सकाळी साडेसात वाजता निलंग्याच्या रस्त्यावर, ओढ्याच्या पुलापलीकडच्या चढावर, उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या ट्रॅक्टरसकट मागे सरकल्या. शेवटच्या ट्रॉलीच्या चाकाखाली एक लाकडी ठोकळा लावण्यात आला. ट्रॉल्या थांबल्या. कोणी जखमी झाले नाही. ठोकळा मधोमध तडकला.

मित्रांनो, तो ठोकळा म्हणजे मी. वय झालेला, बाभळीचा, हातभर लांब आणि एका बाजूने निमुळता. माझ्या जाड टोकाला एक भोक आहे आणि त्यात दोरी ओवलेली आहे. आमच्या भागात भरलेली गाडी चढावर थांबली की मागच्या चाकाला काहीतरी लावावे लागते. पुष्कळ जण दगड लावतात. दगड चालतो, पण तो गोल असला तर निसटतो, आणि काम झाल्यावर रस्त्यातच पडून राहतो. मग मागून येणारा मोटारसायकलवाला त्यावर आदळतो. मला दोरीने ओढून घेता येते आणि पुन्हा ट्रॉलीला लटकवता येते. म्हणून जाणती माणसे लाकडाचा ठोकळा बाळगतात.

मला बाळगणारी माणसे म्हणजे खरे तर एकच बाई. तिचे नाव धुरपताबाई. तिचे माहेर जळकोटच्या बाजूचे. तिकडे रस्ते डोंगरांवरून जातात, त्यामुळे गाडी आणि ठोकळा या दोन वेगळ्या वस्तू आहेत असे तिकडे कोणी मानत नाही. लग्न होऊन ती निलंगा तालुक्यातल्या या गावी आली तेव्हा सासरची बैलगाडी पाहून तिने विचारले, “हिचा ठोकळा कुठाय?” घरातले हसले. इथली जमीन काळी आणि सपाट, ठोकळा लागतो कुणाला? धुरपताबाई बाजाराच्या दिवशी निलंग्याला आली आणि थेट मलप्पा सुताराच्या दुकानापुढे उभी राहिली.

मलप्पा घरी कानडी बोलतो आणि दुकानात मराठी. त्या दिवशी तो गाडीच्या चाकाचा तुंबा घडवत होता, म्हणजे चाकाच्या मधला, ज्यात आरे बसतात तो भाग. त्याच खोडाचा एक तुकडा बाजूला पडला होता.

“अक्का, इथं डोंगर कुठं हाय?” मलप्पाने विचारले.

“डोंगर न्हाई, पण ओढा हाय की,” धुरपताबाई म्हणाली. “ओढा म्हंजी उलटा डोंगरच. आधी उतरायचा, मग चढायचा.”

मलप्पाने तुकडा उचलला. तो तुकडा मी. त्याने मला तासले, चाकाला लागणारी बाजू जराशी खोलगट केली आणि जमिनीला लागणारी बाजू मुद्दाम खरबरीत ठेवली. “याला कधी गुळगुळीत करू नका अक्का,” तो म्हणाला. “गुळगुळीत झाला की घसरतंय. याचं खरबरीतपणच कामाचं.”

मित्रांनो, माझे काम सांगायला सोपे आहे. न हलणे, एवढेच. पण त्याचा अर्थ मला बैलगाडीच्या दिवसांत कळला. पुलापलीकडचा चढ लांब आहे. अर्ध्यावर बैल दमत, तेव्हा धुरपताबाई गाडीमागून पुढे होऊन मला चाकाखाली सरकवी. बैलांनी कष्ट करून जी उंची मिळवली होती, ती तिथेच राही. बैल दम घेत. मग पुन्हा जू ताणले जाई, चाक माझ्यापासून सुटे, आणि धुरपताबाई दोरी ओढून मला उचलून घेई. मी नसतो तर तीच उंची वेग होऊन खाली आली असती, गाडीसकट आणि बैलांसकट. चढावर थांबलेली गाडी शांत दिसते. ती शांत नसते. ती खाली येण्याची वाट पाहत असते.

पुढे बैल गेले आणि ट्रॅक्टर आला. तो मारोतीचा, म्हणजे धुरपताबाईच्या धाकट्या दिराचा. ऊसतोडीच्या हंगामात मारोती ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतो. धुरपताबाईचा नवरा रामकिशन फडात मोळ्या भरून देतो आणि धुरपताबाई ट्रॉल्यांबरोबर कारखान्यापर्यंत जाते, कारण चढावर ठोकळा लावणारे माणूस लागते. ट्रॉल्यांना ब्रेक नसतो. ब्रेक असतो तो पुढच्या ट्रॅक्टरला. मागच्या एवढ्या ओझ्याला चढावर धरून ठेवणारा मीच.

हंगामात माझा मान असतो असे म्हणता येईल. दसऱ्याला ट्रॅक्टरला हार घालतात, लिंबू-मिरची बांधतात, फोटो काढतात. धुरपताबाई हार घालून झाल्यावर उरलेल्या कुंकवाचे एक बोट माझ्यावरही ओढते. हंगाम संपला की मला कोणी ओळखत नाही. मी दाराला टेकू म्हणून राहिलो आहे, खुराड्याच्या झाकणावर वजन म्हणून राहिलो आहे. एका उन्हाळ्यात शेजारची पोरे मला स्टंप समजून माझ्यावर चेंडू मारत होती. मी बाद होत नव्हतो, एवढाच त्यांचा राग. पावसात भिजलो, उन्हात तापलो. बाभळीचे लाकूड चिवट असते, पण त्यालाही भेगा धरतात. आजच्या भेगेची सुरुवात अशा एखाद्या उन्हाळ्यात झाली असावी. नक्की कधी, ते मला सांगता येणार नाही.

आता रस्ता समजून घ्या. गावाकडून येताना एक मोठा लिंब लागतो. लिंबापासून उतार सुरू होतो. खाली ओढ्यावर बुटका पूल आहे. पूल ओलांडला की चढ, आणि चढाच्या टोकाला एसटीचा निवारा. रस्ता अगदी सरळ आहे.

लिंबापाशी आल्यावर मारोती गिअर काढून ट्रॅक्टर न्यूट्रल करत असे. गिअर काढला की इंजिनाचा घुरघुराट एकदम खाली बसतो आणि ट्रॅक्टर आपल्याच वजनाने उतारावर सुटतो. डिझेल वाचते. तो जोर घेऊन पूल ओलांडायचा आणि समोरचा चढ जमेल तितका काढायचा, मग गिअर टाकायचा. मारोती एकटाच असे करतो असे नाही. या रस्त्याने ऊस नेणारे बहुतेक चालक असेच करतात. त्यांची आणखी एक समजूत आहे. ट्रॉली जितकी जड तितका उतारावर रेटा जास्त, आणि रेटा जास्त तितका चढ सोपा. कारखान्याच्या आवारात नंबर लागायला दिवस जातो, त्यामुळे एका खेपेत जास्त ऊस न्यायची घाई आधीच असते. या समजुतीने त्या घाईला कारण मिळाले. दर हंगामात मोळ्यांचा एकेक थर वाढत गेला.

सोमवारी दोन थर जास्त होते.

लिंबापाशी इंजिनाचा आवाज बसला. आम्ही वेगाने खाली आलो. पूल हादरला. चढाला लागलो तेव्हा वेग चांगला होता, आणि मारोतीने शीळसुद्धा घातली. मग वेग ओसरू लागला. निवारा अजून दूर होता. मारोतीने गिअर टाकायचा प्रयत्न केला, दातांवर दात घासल्यासारखा कर्र आवाज आला, गिअर पडला नाही. ट्रॅक्टर थांबला. आणि मग दोन्ही ट्रॉल्यांनी त्याला मागे ओढायला सुरुवात केली.

“वैनी! ठोकळा!” मारोती ओरडला.

“ब्रेक सोडू नका, भाऊजी!”

मागच्या ट्रॉलीवर बसलेली धुरपताबाई खाली उतरली, तिने मला शेवटच्या चाकाखाली सारले आणि हात काढून घेतला. चाक माझ्यावर आले. मी त्या भाराने चार बोटे मागे सरकलो. इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच हललो. मग रस्त्याच्या उखडलेल्या खडीत माझे टोक अडकले, माझ्यातून एक आवाज गेला आणि मी तडकलो. पण चाक थांबले.

धुरपताबाईने उरलेल्या चाकांना दगड लावले. तेव्हा तिच्या पदराला ट्रॉलीच्या टायरची काळी रेघ लागलेली दिसली. तिने ती हाताने झटकली. ती गेली नाही.

आमच्या मागे एक स्कूटी थांबली होती. तिच्यावर शिल्पा मॅडम होत्या. त्या निलंग्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतात आणि रोज याच रस्त्याने जातात. पुढे जायला वाट मिळत नाही म्हणून त्या मागे हॉर्न वाजवत होत्या. ट्रॉली सरकली तेव्हा ती आणि मॅडमची स्कूटी यांच्यामध्ये धुरपताबाई होती आणि मी होतो. मॅडमनी स्कूटी आडवी लावली आणि मारोतीला विचारले, “दादा, उतारावर गिअर काढता तुम्ही?”

“समदेच काढतेत, मॅडम. रेटा घ्यावा लागतो. त्याबिगर चढ निघत न्हाई.”

“आज घेतला होता ना रेटा? मग?”

मारोतीने ट्रॉलीकडे पाहिले. “आज जरा माल कमी पडला.”

“कमी?” धुरपताबाई म्हणाली. “मोळ्या आभाळाला टेकून राहिल्यात, आन् कमी?”

जमलेले लोक हसले. मारोतीही हसला, पण त्याला घाम फुटला होता. मग सगळ्यांनी मिळून वरचे दोन थर उतरवून रस्त्याच्या कडेला टाकले. मारोतीने पहिला गिअर टाकला आणि उरलेला चढ ट्रॅक्टरने कण्हत कण्हत काढला. ती सकाळ अशी संपली.

दुसऱ्या दिवसापासून कारखाना सफाईसाठी बंद राहिला, ट्रॅक्टर घरापुढे उभा राहिला आणि मला मलप्पाकडे नेण्यात आले. मलप्पा आता म्हातारा झाला आहे. त्याने मला उलटून पाहिले, भेगेत नख घातले. जुन्या बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव त्याच्याकडे पडून होती. तिचा तुकडा कापून, तापवून त्याने माझ्याभोवती आवळला.

“अक्का, पट्टी मारली,” तो म्हणाला. “पण भेग ती भेगच असतंय. याच्यावर लई भरवसा ठेवू नका. नवा करून देतो, पण लाकूड वाळायला पाहिजे. ओल्या लाकडाचा केला तर तो याच्या आधी फाटंल.”

“तवर?”

“तवर माल कमी भरा.”

“ते मला न्हाई, भाऊजीला सांगा,” धुरपताबाई म्हणाली.

मलप्पाने सांगितले असते तर मारोतीने ऐकले नसते. सोमवारची गोष्ट त्याने गावात वेगळ्याच तऱ्हेने सांगायला सुरुवात केली होती. गिअर अडकला नसता तर चढ निघालाच होता. रेटा थोडा कमी पडला, एवढेच. पुढच्या खेपेला आणखी एक थर टाकून बघू. हे तो अंगणात बसून सांगत होता आणि मी दाराशी पडून ऐकत होतो. धुरपताबाई आत भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज मध्येच थांबला आणि बराच वेळ पुन्हा सुरू झाला नाही.

गुरुवारी दुपारी शिल्पा मॅडम घरी आल्या. मला वाटले, चौकशीला आल्या असतील. त्या म्हणाल्या, “मारोतीदादा, तुमच्याकडे सायकल आहे का? आणि एक भरलेलं पोतं?”

मारोतीला गंमत वाटली. जुनी सायकल निघाली, तुरीचे पोते निघाले. सगळे ओढ्यावर गेले. धुरपताबाईने मलाही बरोबर घेतले, खूण ठेवायला. वाटेत मॅडमनी विचारले, “दोन्ही काठांपैकी उंच कुठला?”

“सारखेच की,” मारोती म्हणाला.

“सारखे कसे?” धुरपताबाई म्हणाली. “निवाऱ्यात एसटीची वाट बघत बसलं की लिंबाचा शेंडा खाली दिसतोय.”

मारोती थांबला आणि पलीकडे बघू लागला. तो त्या निवाऱ्यापुढून दिवसाआड जातो. लिंबाचा शेंडा त्यालाही दिसत आला होता.

मॅडमनी सांगितले ते असे. लिंबापाशी उभ्या असलेल्या गाडीकडे उंचीची ऊर्जा असते. तिला स्थितिज ऊर्जा म्हणतात. गाडी उतरते तशी उंची कमी होते आणि वेग वाढतो, म्हणजे तीच ऊर्जा गतिज होते. पुलावर वेग सगळ्यात जास्त. मग चढ लागला की वेग कमी होतो आणि उंची परत मिळते. दोन्हींची बेरीज केली तर ती तेवढीच राहते. तिला यांत्रिक ऊर्जा म्हणतात. ऊर्जा नवी येत नाही. म्हणून गाडी सोडून दिली तर जेवढ्या उंचीवरून सुटली तेवढ्याच उंचीपर्यंत चढेल. त्याच्यावर नाही.

“आन् माल जास्त असला तर?” मारोतीने विचारले.

“माल जास्त असला तर ऊर्जा जास्त. पण तो माल वर चढवायलाही तेवढीच जास्त लागते. वजन दोन्ही बाजूंना येतं आणि कटून जातं.”

“कटून जातं म्हंजी? भरताना तर आमच्या पाठीवरून एक मोळी कटत न्हाई!”

“बघू या,” मॅडम म्हणाल्या. “एकदा रिकामे जा, एकदा पोतं घेऊन. पायडल मारायचं नाही. दोन्ही वेळा एकाच जागी थांबाल.”

मारोती लिंबापासून सुटला. सायकल खाली गेली, पूल ओलांडून चढाला लागली, हळू झाली, आणि तो एक पाय टेकून उभा राहिला. धुरपताबाईने त्या जागी मला ठेवले. निवारा अजून बराच वर होता.

मग कॅरिअरला पोते बांधले. मारोती पुन्हा सुटला. वाटेत तो ओरडत होता, “बघा मॅडम, रेटा बघा!” सायकल माझ्यापाशी आली, माझ्याजवळून पुढे गेली आणि दोन हात पुढे जाऊन थांबली.

“दोन हात!” मारोतीने पोत्यावर थाप मारली. “मॅडम, हे लातूरला क्लास लावून शिकलात का? फी परत मागा!”

शिल्पा मॅडम माझ्यापाशी येऊन बसल्या, मग उठून सायकलपाशी गेल्या, मग पुन्हा माझ्यापाशी आल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “माझं एक चुकलं. मी वारा हिशेबात धरला नव्हता.”

“आता वारा कुठून आला?”

“अडतीत माल घातला की वजनातून थोडा कडता कापतात ना? तसा रस्ता आणि वारा वाटेत कडता कापतात. त्यांनी घेतलेली ऊर्जा उष्णता होऊन जाते, ती उंचीत परत मिळत नाही. रस्त्याचा कडता वजनाप्रमाणे असतो. वाऱ्याचा तसा नसतो, तो रिकाम्या आणि भरलेल्या गाडीला सारखाच. जड गाडीजवळ ऊर्जा जास्त असते, म्हणून तिला वाऱ्याचा कडता कमी जाणवतो. ती थोडी पुढे जाते. दोन हात.”

“मंग मी बरोबरच की.”

“दोन हात बरोबर. आता वर बघा. निवारा किती हात राहिला?”

मारोतीने वर पाहिले. त्याला आणखी एक पोते टाकून जायचे होते. पोते आणले, बांधले, तो सायकलवर बसला आणि मागचे टायर फुस्स करून खाली बसले. सगळे हसले. मारोतीने सायकलला एक लाथ घातली. पण पुन्हा वर पाहिले.

“वारा नसता, रस्ता काचेसारखा असता,” मॅडम म्हणाल्या, “तरी तुम्ही लिंबाच्या मुळाएवढ्या उंचीवरच थांबला असता. त्याच्यावरची उंची इंजिनानंच द्यायची. आणि ती देताना प्रत्येक मोळीचं वजन त्यालाच उचलावं लागतं. तुम्ही मात्र ऐन वेळेला इंजिन सोडून देता.”

धुरपताबाई खाली वाकली, तिने मला उचलले आणि मॅडमना विचारले, “आन् ह्यो काय करतो, मॅडम? ह्याची ऊर्जा कुठली?”

मॅडम जरा हसल्या. “ठोकळा हलत नाही ना, मावशी. पुस्तकाप्रमाणे वस्तू हलली तरच कार्य होतं. ठोकळ्याचं कार्य शून्य.”

“शून्य?” धुरपताबाई म्हणाली. “मग काढू का त्याला चाकाखालून?”

मारोती सगळ्यांत मोठ्याने हसला. मित्रांनो, मला राग आला नाही. पुस्तकाचे बरोबर आहे. मी ऊर्जा देत नाही. मिळवलेली उंची वेगात बदलू नये म्हणून फक्त उभा राहतो. सोमवारी मी चार बोटे हललो, तेव्हा चाकाने माझ्यावर आणि मी खडीवर पुस्तकाच्या भाषेत कार्य केले. त्या चार बोटांतच माझ्या अंगाला भेग पडली.

हसणे थांबल्यावर धुरपताबाई दिराकडे वळली. आवाज वाढवला नाही. “भाऊजी, एवढं पोतं टाकून दोन हात पुढं गेलात. दोन थर टाकून दहा हात जाल. निवारा तरी येत न्हाई. आन् ते दोन थर मागं आले, तर पैले कुणावर येत्यात?”

मारोती सायकलचे टायर दाबून बघत राहिला. त्यात हवा नव्हती हे त्याला ठाऊक होते.

“मलप्पा म्हणतोय, ह्यो फाटणार,” ती म्हणाली. “नवा ठोकळा वाळायला दिवस हायेत. तवर चाकामागं मीच हाय. म्हणून सांगते. लिंबापाशी इंजिनाचा आवाज बसला, की मी ठोकळा घेऊन घरी. मग तुमचा रेटा आन् तुम्ही.”

“वैनी, तुम्ही तर एसटीच्या कंडक्टरवानी बेल मारून राहिल्या.”

“हाव. सिंगल बेल. गाडी थांबली.”

तो “बघू” म्हणाला. मारोतीचा “बघू” हा होकारही असतो आणि नकारही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत आहे. जाताना त्याने मॅडमना विचारले की गिअरमध्ये उतरले तर डिझेल किती जास्त जाईल. मॅडमनी ते आपल्याला नक्की सांगता येणार नाही असे सांगितले. मला वाटते, त्या उत्तराने त्याला बरे वाटले. पोत्यामुळे मिळालेले त्याचे दोन हातही त्यांनी नाकारले नव्हते.

मित्रांनो, तुमच्याकडे माझे मागणे थोडेच आहे. चढावर थांबलेल्या गाडीच्या मागे उभे राहू नका, ती कितीही शांत दिसली तरी. तुमच्या घरात गाडी चालवणारे कोणी असेल तर उतारावर गिअर काढू नका म्हणून त्यांना सांगा, आणि ते हसले तर सायकल घेऊन त्यांना एखाद्या मोकळ्या ओढ्यावर न्या. माझ्यासारखा एखादा ठोकळा घरी असेल तर हंगाम संपल्यावर त्याला उन्हापावसात टाकू नका. सावलीत ठेवा, अधूनमधून उलटून पाहा, भेग दिसली तर ती लहान असतानाच पट्टी मारा. आणि ठोकळा चांगला आहे म्हणून ट्रॉलीवर थर वाढवू नका. मी शेवटचा उपाय आहे. त्याच्या आधीचे सगळे उपाय माणसाच्या हातात असतात. ठोकळा लावणारा हातही माणसाचाच असतो, आणि तो चाकाच्या फार जवळ असतो.

आज सकाळी कारखान्याचे गाळप पुन्हा सुरू झाले. फडात मोळ्या भरल्या गेल्या. रामकिशनने नेहमीच्या सवयीने वरच्या थराची पहिली मोळी खांद्यावर घेतली, तेव्हा मारोतीने हात आडवा केला आणि ती मोळी परत खाली ठेवली गेली. “आज एवढंच,” मारोती म्हणाला. का, ते त्याने सांगितले नाही आणि कोणी विचारलेही नाही. हे मी स्वतः पाहिले आहे.

पुढचे आता घडते आहे. ट्रॅक्टर लिंबापाशी आला आहे. माझ्या अंगावर मलप्पाची पट्टी आहे, आणि ती किती धरील ते मलप्पालाही माहीत नाही. धुरपताबाई ट्रॉलीवरून उतरून मागे चालते आहे. तिने माझी दोरी सोडून मला हातात घेतले आहे. मारोतीचा हात गिअरच्या दांड्यावर आहे. तो हात तिथे नेहमीच असतो आणि इथे आला की नेहमी एकच गोष्ट करतो. मागे एक स्कूटी आहे. ती हॉर्न वाजवत नाही, अंतर ठेवून येते आहे.

लिंब मागे पडला. उतार सुरू झाला आहे. धुरपताबाई मान तिरकी करून ऐकते आहे. इंजिनाचा आवाज अजून बसलेला नाही.